जहाजाचा स्लज उतरवून घेणारी सेवा : मुंबई बंदरातला लेखाजोखा

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला किंवा रेवसला जाणाऱ्या लाँचमधून टग दिसतात, पायलट बोटी दिसतात, गोड्या पाण्याचे बार्ज दिसतात. नांगरलेल्या जहाजाच्या बगलेला लागलेला एक बुटका, काळपट बार्ज मात्र सहसा कुणी निरखून पाहत नाही. जहाजाच्या इंजिनरूममधला स्लज आणि बिल्जचं, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचणारं, तेलकट पाणी तो उतरवून घेतो. शिवडीच्या चिखलावर आणि उरणच्या खाडीत किती तेल पोचणार, हे बऱ्याच अंशी या बार्जच्या कामावर ठरतं. मुंबई बंदर आणि न्हावा शेवा मिळून ही सेवा अनेक ठेकेदार देतात. कुणा एकाला गुण द्यायचे किंवा कापायचे नाहीत. सेवा म्हणून ती कशी आहे, कुठे चोख चालते आणि कुठे घसरते, एवढंच इथे पाहू.

आधी माल समजून घेऊ. जड इंधन जाळणाऱ्या जहाजात ते इंधन प्युरिफायरमधून साफ होतं आणि खाली जो गाळ उरतो तो स्लज. रोजच्या इंधनाच्या साधारण १ ते १.५ टक्के. दिवसाला ४० टन जाळणारं जहाज दिवसाला ४०० ते ६०० किलो स्लज तयार करतं, म्हणजे १५ दिवसांच्या सफरीत ६ ते ९ टन. जहाजांकडून होणारं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय मार्पोल कराराच्या पहिल्या परिशिष्टानुसार हा स्लज समुद्रात कुठेही सोडता येत नाही. तो जहाजावरच्या इन्सिनरेटरमध्ये जाळायचा किंवा बंदरात उतरवायचा. बिल्जच्या पाण्याला सवलत आहे, पण तीही कडक : जहाज चालतं असावं, पाणी तेल वेगळं करणाऱ्या सेपरेटरमधून जावं आणि त्यात तेल १५ पीपीएमपेक्षा जास्त नसावं. हे प्रमाण म्हणजे १००० लिटर पाण्यात पोह्याच्या एका चमच्याइतकं तेल.

सेवेची पहिली परीक्षा बुकिंगलाच होते. बंदरात पोचण्याच्या २४ तास आधी जहाजाने आगाऊ सूचनेचा फॉर्म एजंटमार्फत द्यायचा असतो. कोणता कचरा किती उतरवायचा, त्यासाठीच्या टाकीची क्षमता किती आणि जहाजावर किती शिल्लक राहणार, हे सगळं त्यात येतं. बरेचदा एजंटकडून ठेकेदाराला एवढाच निरोप जातो : ‘स्लज १० घनमीटर.’ एवढ्यावर चांगला बार्ज पाठवता येत नाही. स्लजमध्ये पाणी अंदाजे किती, तापमान काय, जहाजाचा पंप ताशी किती देतो, मॅनिफोल्ड (जिथे होज जोडतात ते जहाजावरच्या पाइपचं तोंड) पाण्यापासून किती उंच, कोणत्या बाजूला, हे कळलं नाही तर होज आखूड पडते किंवा बार्जवर जागाच शिल्लक नसते. चांगला ठेकेदार या गोष्टी उलट फोन करून विचारतो. ज्याने एकही प्रश्न विचारला नाही, त्याच्याबद्दल तिथेच सावध व्हावं.

वेळ का महत्त्वाची, तेही सांगायला हवं. न्हावा शेवाला कंटेनर जहाज लागतं आणि साधारण दिवसाभरात मोकळं होतं. बार्ज सहा तास उशिरा आला की कॅप्टन त्याच्यासाठी थांबत नाही. जहाज भरलेली स्लज टाकी घेऊनच निघतं. पुढच्या बंदरापर्यंत टाकी ओसंडायला आली की इंजिनरूममध्ये मोह सुरू होतो. सेपरेटरला वळसा घालून तेलकट पाणी थेट बाहेर टाकणाऱ्या पाइपला दर्यावर्दी ‘मॅजिक पाइप’ म्हणतात. २०१६ मध्ये प्रिन्सेस क्रूझेसने अमेरिकेत अशाच प्रकरणात गुन्हा कबूल केला आणि ४ कोटी डॉलरचा दंड मान्य केला. कंपनी मोठी असली, जहाज नवं असलं तरी हे घडतं. म्हणून वेळेवर येणारा बार्ज हाच प्रदूषणावरचा पहिला उपाय आहे आणि या सेवेच्या गुणपत्रिकेत वक्तशीरपणाला आम्ही सगळ्यात वरचं स्थान देतो.

आता जोडणी. इथे जरा जवळ जाऊन पाहण्यासारखं आहे. जगातल्या प्रत्येक जहाजावर तेलकट कचऱ्याच्या पाइपचं तोंड एकाच मापाचं असतं : फ्लँजचा, म्हणजे पाइपच्या तोंडाला बोल्टने बसणाऱ्या चकतीचा, बाहेरचा व्यास २१५ मिलिमीटर, जाडी २० मिलिमीटर, बोल्टची भोकं ६, प्रत्येक भोक २२ मिलिमीटरचं, आणि ही भोकं १८३ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. सांडपाण्याचं तोंड वेगळं असतं : व्यास २१० मिलिमीटर आणि बोल्ट चारच. दोन्ही लांबून सारखीच दिसतात. घाईत बार्जवर चार भोकांची फ्लँज उचलून आणली जाते आणि मग खटपट सुरू होते. कुणीतरी दोनच बोल्ट कसेबसे जुळवून घट्ट करतो आणि ‘चालेल साहेब’ म्हणतो. चालत नाही. दोन बोल्टवर धरलेल्या फ्लँजवर गरम स्लजचा दाब आला की गॅस्केट एका बाजूने उचललं जातं आणि काळी धार आधी ट्रेमध्ये, ट्रे भरला की डेकवर येते.

गळती बहुतेक वेळा तीन कारणांनी होते. मागच्या जहाजावरचंच चेपलेलं गॅस्केट पुन्हा वापरलेलं असतं. किंवा होजचं सगळं वजन मॅनिफोल्डवर लोंबकळत ठेवलेलं असतं, दोराने किंवा डेरिकने उचलून धरलेलं नसतं. किंवा काम संपल्यावर होजमधलं उरलेलं तेल हवेने ढकलून न देताच फ्लँज सोडली जाते. तिसरं कारण सगळ्यात जास्त त्रास देतं. ४ इंची, १५ मीटर लांबीच्या होजमध्ये सव्वाशे लिटरच्या आसपास तेल मावतं. ते पोटात घेऊनच होज खाली सोडली तर सगळं पाण्यात जातं. चांगल्या बार्जचा सारंग आधी वाऱ्याने होज मोकळी करून घेतो, तोंडाला ब्लँक फ्लँज लावतो आणि मगच होज खाली घेतो. हा क्रम पाहिला की त्या ठेकेदाराची शिस्त कळते. कागदपत्रं नंतर पाहिली तरी चालतात.

जहाजाकडूनही तयारी हवी. डेकवरचे सगळे स्कपर, म्हणजे पाणी बाहेर जायची भोकं, प्लग करून घ्यावेत, मॅनिफोल्डखाली रिकामा ट्रे, शेजारी लाकडाचा भुसा आणि शोषक पॅड. स्लज आदल्या दिवसापासून ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करून ठेवावा आणि खाली बसलेलं पाणी बिल्ज टाकीत काढून घ्यावं. थंड स्लज डांबरासारखा असतो. ताशी ५ घनमीटर देणारा पंप अशा स्लजवर निम्म्यावर येतो, दाब चढतो आणि रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तेल परत टाकीतच फिरत राहतं. बार्जवाल्याला वाटतं जहाज टाळाटाळ करतंय, फोर्थ इंजिनिअरला वाटतं बार्जचा व्हॉल्व्ह बंद आहे. मॅनिफोल्डवर आणि पंपापाशी एकेक माणूस वॉकीटॉकीसह, आणि बार्जच्या डेकवर हात वर करून थांबवायची खूण ठरलेला एक माणूस : तिघं हवेतच. पंपिंगच्या कामात मुंबईचे बार्जवाले तरबेज आहेत, हे मोकळेपणाने सांगायला हवं. चिकट माल, अंधार, मान दुखेल इतकी उंच बाजू, सगळं सांभाळून ते काम नेटाने उरकतात. इथे पैकीच्या पैकी गुण.

गुण कापावे लागतात ते मोजमापात.

पावतीवर लिहिलेला आकडा कुठून आला, हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो. नियमाला धरून पद्धत अशी : पंपिंगआधी जहाजाच्या टाकीचं साउंडिंग (टेप सोडून आतल्या मालाची पातळी मोजणं), बार्जच्या टाकीचं साउंडिंग, दोन्हीकडची माणसं एकत्र, पंपिंग संपल्यावर पुन्हा तेच. समजा जहाजाची टाकी २ मीटर बाय ३ मीटरची आहे. मग १ सेंटिमीटर म्हणजे ६० लिटर. टेप ५ सेंटिमीटर चुकली की ३०० लिटर इकडे-तिकडे. जहाज मागे झुकलेलं असेल, म्हणजे ट्रिम असेल, तर साउंडिंग टेबलमधली दुरुस्ती धरावी लागते. ती विसरली की आणखी फरक पडतो. गरम स्लज फुगलेला असतो : ३० अंशांवरून ७० अंशांवर नेला की १० घनमीटर मालात सुमारे २८० लिटरची वाढ दिसते. बार्जमध्ये थंड झाल्यावर तेवढीच घट दिसणार. टाकीतला फेस बसायच्या आत टेप टाकली तर आणखी गोंधळ. या सगळ्या प्रामाणिक चुका धरूनही १० घनमीटर मालात अर्धा-पाऊण घनमीटरपेक्षा जास्त तफावत येऊ नये. जहाजाच्या टाकीतून ८ गेले आणि पावतीवर ११ असेल, तर त्याला चूक म्हणता येत नाही. समुद्रात कुठेतरी आधीच सोडलेल्या ३ घनमीटर स्लजला कागदावर बंदरात उतरवलेलं दाखवलं गेलं, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. पावती विकत मिळणं हा या सेवेला लागलेला सगळ्यात मोठा रोग आहे. जहाज आणि ठेकेदार दोघांच्या संमतीशिवाय तो जडत नाही, त्यामुळे बोट फक्त बार्जवाल्याकडे दाखवून भागणार नाही.

म्हणून सेवा घेणाऱ्यांनी एकच अट घालावी : दोन्ही टाक्यांची आधीची आणि नंतरची अशी चार साउंडिंग पावतीवरच लिहायची आणि दोघांनी सही करायची. जो ठेकेदार ही अट मान्य करतो त्याचा दर थोडा जास्त असेल, तो द्यावा. जहाजावरच्या तेलाच्या नोंदवहीत, म्हणजे ऑइल रेकॉर्ड बुकमध्ये, सी भागात दर आठवड्याला टाकीतला शिल्लक माल लिहिलेला असतो आणि उतरवल्याची नोंद सी १२.१ खाली जाते. आठवड्याचे आकडे, जळालेलं इंधन आणि पावती या तिघांचा मेळ बसतो की नाही, हे परदेशी बंदरातला तपासनीस दहा मिनिटांत पाहतो.

दुसरी उणीव पैशाच्या गणितातून आलेली आहे. स्लजमध्ये तेल असतं, तेलाला बाजारात किंमत असते, म्हणून तो न्यायला ठेकेदार उत्सुक असतात. बिल्जच्या पाण्यात तेल नावापुरतं, बाकी सगळं समुद्राचं पाणी आणि साबण. त्याला किंमत नाही; उलट ते साफ करायला खर्च येतो. त्यामुळे स्लज सांगितला की बार्ज तत्पर आणि बिल्जचं पाणी सांगितलं की ‘उद्या बघू’. त्यातही डिटर्जंटने इंजिनरूम धुतलेली असेल तर तेल आणि पाणी दुधासारखं एकजीव झालेलं असतं. ते नुसत्या सेटलिंगने वेगळं होत नाही. असं पाणी जहाजाच्या सेपरेटरलाही जमत नाही, १५ पीपीएमचा अलार्म वाजत राहतो आणि तीनतोंडी व्हॉल्व्ह पाणी परत टाकीत फिरवत बसतो. हेच पाणी बंदरात उतरवायची खरी गरज असते आणि नेमकी तिथेच सेवा हात आखडता घेते. ठरवताना स्लज आणि बिल्ज दोन्हींचा एकत्र करार करावा. फक्त स्लज उचलणाऱ्याला काम देऊ नये.

टँकर ट्रक की बार्ज, हाही प्रश्न येतो. धक्क्याला लागलेल्या जहाजाला ट्रक स्वस्त पडतो आणि माल थेट कारखान्यात जातो, मध्ये एक हाताळणी वाचते. पण मुंबईचं पाणी ध्यानात ठेवावं लागतं. उधाणाला भरती-ओहोटीत ४ मीटरच्या आसपास फरक पडतो. न्हावा शेवाच्या उघड्या धक्क्यावर जहाज पाण्याबरोबर चढतं-उतरतं, ट्रक जागच्या जागी राहतो. त्यात कंटेनर उतरले की जहाज आणखी वर येतं. होजला ढील कमी दिली असेल तर दोन तासांत ती ताणली जाते आणि कपलिंग निसटतं. इंदिरा डॉक लॉकगेटच्या आत आहे, तिथे पाणी जवळपास स्थिर, त्यामुळे ट्रक निर्धास्त. बार्ज जहाजाबरोबरच तरंगतो, म्हणून भरतीची काळजी नाही. नांगरावरच्या जहाजाला तर बार्जशिवाय पर्यायच नाही. आमचा कल असा : डॉकच्या आत ट्रक, बाहेर बार्ज, आणि उघड्या धक्क्यावर ट्रकच घ्यायचा असेल तर भांगाचा दिवस पाहून.

पावसाळ्यात सगळंच अवघड. जून ते ऑगस्ट नांगरावर लाटा अशा असतात की बार्ज बाजूला लावणं माणसांच्या जिवावर बेतू शकतं. त्या दिवसांत बार्ज नाकारणारा ठेकेदार योग्यच करतो. म्हणून मान्सूनमध्ये मुंबईला येणाऱ्या जहाजांनी आधीच्या बंदरातच टाकी रिकामी करून यावं. याच महिन्यांत नैऋत्येचे वारे समुद्रातलं सगळं तेल किनाऱ्यावर आणून टाकतात. जुहू-वर्सोव्याच्या वाळूत पायाला चिकटणारे डांबराचे गोळे हे खुल्या समुद्रात सांडलेल्या किंवा सोडलेल्या तेलाचं घट्ट झालेलं रूप आहे. ऊन आणि लाटांनी हलका भाग उडून जातो, जड भाग वाळू-शिंपल्यांसह गोळा होतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तोपर्यंत आलेलं तेल बंदी उठल्यावर डोलजाळ्यांच्या आसात अडकतं, आणि तेलाचा वास लागलेला बोंबील कुणी घेत नाही.

मुंबईकरांना तेलगळती म्हटलं की ७ ऑगस्ट २०१० आठवतो. एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं बंदराच्या तोंडाशी आदळली, तेल एलिफंटाच्या आणि उरणच्या तिवरांपर्यंत पोचलं, शेकडो कंटेनर पाण्यात पडले. अपघाताची बातमी होते. रोजच्या लिटर-दोन लिटरच्या गळतीची होत नाही, आणि ठाण्याच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंना रोजच्या त्याच पाण्यात चरायचं असतं.

जहाजाच्या कोरड्या कचऱ्याची सेवा त्या मानाने बरी आहे. प्लास्टिक समुद्रात कुठेही टाकायला पूर्ण बंदी आहे आणि कचऱ्याच्या नोंदवहीत ए पासून के पर्यंतचे वर्ग आहेत. एकच अडचण वारंवार येते : नोंदवहीत आकडा घनमीटरमध्ये लिहायचा असतो आणि पावती किलोमध्ये मिळते. ठेकेदाराला दोन्ही एकके लिहायला सांगा. प्लास्टिक, लाकडाचे ठोकळे आणि तेलकट चिंध्या एकाच गोणीत देऊ नका. एकदा एकत्र झालं की सगळंच घातक कचऱ्यात मोजलं जातं आणि खर्चही तसाच येतो.

काम चालू असताना तेल पाण्यात गेलंच तर पंप थांबवा, दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करा, पोर्ट कंट्रोलला व्हीएचएफ रेडिओवर कळवा. साबण किंवा केमिकल ओतू नका. तवंग दिसेनासा होतो खरा, पण तेल बारीक होऊन पाण्याच्या थरात उतरतं आणि माशांच्या पिल्लांपर्यंत पोचतं. डिस्पर्संट, म्हणजे तवंग फोडणारं केमिकल, वापरायचं की नाही हा निर्णय कोस्ट गार्डचा आहे. ज्या बार्जवर बूम (तेल अडवणारा तरंगता अडसर) आणि शोषक पॅड गुंडाळून समोर ठेवलेले दिसतात, तो बार्ज निवडा. बूम बार्जच्या पोटात कुठेतरी असेल तर वेळेवर सापडत नाही.

या सेवेचा दर्जा खरा कोण उंचावू शकतो? भिवंडीच्या गोदामातून माल पाठवणारा निर्यातदार आणि त्याचा फॉरवर्डर. आज ते कंटेनरमागे कार्बन किती, हे विचारू लागले आहेत. शिपिंग कंपनीशी वर्षाचा दर ठरवताना आणखी दोन प्रश्न विचारावेत : मुंबईत स्लज आणि बिल्ज कोण उतरवतं, आणि त्यांच्या पावतीवर चार साउंडिंग असतात का. पाच मिनिटांचं काम आहे. गिऱ्हाईक विचारू लागलं की कंपनी एजंटला विचारते आणि एजंट सगळ्यात स्वस्त ठेकेदाराला फोन करण्याआधी विचार करतो.

सेवा मिळाली नाही किंवा अपुरी मिळाली तर गप्प बसून पुढच्या बंदराला निघू नका. सुविधा अपुरी असल्याची तक्रार आयएमओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या, ठरलेल्या नमुन्यात आपल्या ध्वजराष्ट्राकडे (जहाजाची नोंदणी असलेल्या देशाकडे) पाठवायची असते. तोंडी तक्रारीने नोंद होत नाही आणि नोंद नसेल तर कागदावर मुंबईत सगळं आलबेल दिसतं.

बार्ज गेल्यावरही एक काम उरतं. हा माल किनाऱ्यावर आला की २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतो आणि त्याच्याबरोबर फॉर्म १० चा मॅनिफेस्ट, म्हणजे मालासोबतचा नोंदीचा कागद, चालतो. या फॉर्मच्या वेगवेगळ्या रंगांच्या प्रती असतात. माल शेवटी जिथे पोचला तिथून निळी प्रत पाठवणाऱ्याकडे परत यायची असते. तोवर जहाज सिंगापूरला पोचलेलं असतं, म्हणून बहुतेक जण ही प्रत विसरतात. एजंटला लेखी सांगून ठेवा की निळ्या प्रतीचं स्कॅन जहाजाच्या ईमेलवर हवं. आलं की त्यावरचा आकडा बार्जच्या पावतीशी लावून पाहा. ऑइल रेकॉर्ड बुक शेवटच्या नोंदीनंतर ३ वर्षं जहाजावर ठेवावं लागतं. हे स्कॅन छापून त्याच पावतीच्या मागे टाचून ठेवा.